एक मोठी सहल की एकाच वाटेवरच्या तीन फेऱ्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या भागातल्या निसर्गमंडळाने वसंतातल्या कार्यक्रमांचं पत्रक काढलंय. तळ्याकाठच्या एकाच वाटेवर दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळची फेरी, लांबच्या पाणथळीवर एक दिवसभराची सहल, मे महिन्यात पक्षिगणना, रातवे हे निशाचर पक्षी ऐकायला एक संध्याकाळ आणि मुलांसाठी एक कार्यक्रम. मला चिमणी, कावळा, कबुतर यापलीकडे काही ओळखता येत नाही. दुर्बीण नाही. ८ वर्षांची मुलगी आहे, तीही येते म्हणते. सगळ्याला जाणं जमणार नाही. दिवसभराच्या सहलीत सगळ्यात जास्त पक्षी दिसतील, तर तीच करावी का? आणि कुत्रा आणला तर चालेल का?"

दिवसभराची सहल यंदा सोडा. तळ्याकाठच्या तीन फेऱ्या करा, आणि त्याही लागोपाठच्या. मी २२ वर्षं अशा फेऱ्या घेते आहे आणि दर वर्षी नव्या माणसांना हेच सांगते. निम्मे ऐकत नाहीत. ते मोठ्या सहलीला जातात, ८० नावांची यादी घेऊन परततात, आणि आठवड्याने विचारलं तर त्यातले चार पक्षीही त्यांना धड आठवत नाहीत. दोष त्यांचा नाही. जो पक्षी दुसऱ्याने दाखवला, दुसऱ्याने ओळखला आणि दहा सेकंदांत उडून गेला, तो डोक्यात राहणार कसा?

वसंतात पाहायचं असतं ते बदलणं, आणि बदल एका दिवसात दिसत नाही. उत्तरेकडच्या थंड मुलखात वसंत म्हणजे पाहुण्यांचं येणं. उष्ण प्रदेशात, जिथे हेच पक्षी हिवाळा काढतात, तिथे तो त्यांचा निरोप असतो, आणि त्याच वेळी तिथल्या कायमच्या रहिवाशांची घरट्यांची धावपळ सुरू झालेली असते. तुमचं तळं यांपैकी कुठेही असलं तरी पंधरा दिवसांत तिथलं चित्र पालटतं.

आमच्या वाटेवरचा पिवळा धोबी घ्या. पहिल्या फेरीत तो मळकट, करडा-पिवळट असतो. नवा माणूस त्याच्याकडे बघतही नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत नराची छाती हळदीत बुडवून काढल्यासारखी होते आणि लोक विचारतात, हा नवा कुठला? नवा नसतो, तोच असतो, जुनी पिसं टाकून विणीची पिसं चढवलेला. तिसऱ्या फेरीला चिखलाची ती पट्टी रिकामी असते. ते रिकामेपण ज्याने पाहिलं त्याला स्थलांतर म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही उत्तरेकडे असाल तर हीच गोष्ट उलट्या क्रमाने दिसेल. आधी मुक्या फांद्या, मग एके सकाळी त्यावर गाणारा एकटा वटवट्या. बहुतेक जातींत नर आधी येऊन जागा धरतात, माद्या काही दिवसांनी पोचतात. जोडी जमली की त्याचं गाणं एकदम कमी होतं. म्हणजे मे महिन्यातही जो जिवाच्या आकांताने गातोय तो बहुधा अजून एकटाच आहे, हे तुम्ही तळ्याकाठी उभ्या उभ्या सांगू शकता.

या सगळ्याला हवेतला उकाडा कारण नाही. विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने कॅनडातल्या अल्बर्टात १९२४ पासून याचे प्रयोग केले. जुन्को नावाचे चिमणीएवढे पक्षी त्याने कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा 'दिवस' रोज थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर बर्फ असताना पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला. वाढत्या दिवसाने ते तयार होतात. नेमकं कुठल्या रात्री निघायचं ते वारा आणि आभाळ बघून ठरतं. म्हणून आम्ही पत्रकात तारीख छापतो खरी, पण त्या तारखेला अमुक पक्षी दिसेल असं कधी छापत नाही. जो म्होरक्या असं छापतो त्याच्याकडे मी जरा संशयाने बघते.

रात्रीचा उल्लेख मुद्दाम केला. लहान गाणारे पक्षी बहुतेक रात्रीच प्रवास करतात. हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि वर ताऱ्यांचा आधार असतो. स्टीफन एम्लेनने १९६० च्या दशकात तारांगणात पक्षी नेऊन दाखवलं की छतावरचं आकाश फिरवलं की त्यांची निघायची दिशाही फिरते. आता व्यवहाराची गोष्ट: फेरीच्या पहाटे पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. "रद्द ना?" रद्द कशाला? रात्रभर उडणाऱ्यांना पहाटे पाऊस किंवा समोरचा वारा लागला की ते जिथे असतील तिथे उतरतात. पाऊस थांबल्यावरचा पहिला तास हा वसंतातला सगळ्यात मोलाचा तास असू शकतो. वीज कडाडत असेल तर मात्र घरी बसा. विजेत झाडाखाली उभं राहायचा धोका पत्करावा इतकं मोलाचं काही नसतं.

वेळेबद्दल बोलायला हवं, कारण नवी माणसं इथेच सगळ्यात जास्त गमावतात. पत्रकात ६ लिहिलं असेल तर ५.५० ला पोचा. पक्षी गातात ते उजाडण्याच्या आसपास: तेव्हा किडे शोधण्याइतका उजेड नसतो, हवा शांत असल्याने आवाज लांब जातो, आणि रात्र काढून मी अजून इथेच आहे हे शेजाऱ्याला कळवायचं असतं. ऊन तापलं की सगळं आटोपतं. ८ वाजता येऊन "आज काही नाही वाटतं" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक फेरीत असतो.

दुर्बिणीसाठी अडून राहू नका. बऱ्याच मंडळांकडे दोन-चार जादा असतात. नाव नोंदवतानाच विचारा. पुढे विकत घ्याल तेव्हा ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात: तेवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ तुमच्या डोळ्यांत पडतं. १०×४२ मध्ये ते ४.२ वर येतं, दृश्याचा आवाका लहान होतो आणि हाताची थरथरही जास्त जाणवते. दुकानात १० पट म्हणजे जास्त चांगली असं सांगतात. झुडपात नाचणाऱ्या वटवट्यावर ती लावून बघा म्हणजे कळेल.

आणि आधी घरी थोडा सराव करा. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा, मग फक्त उजव्या डोळ्याने त्याच पाटीकडे बघत उजव्या भिंगावरची कडी फिरवा. हे एकदाच करायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही. मान तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. सगळे नेमकं उलटं करतात: खाली दुर्बिणीकडे बघतात, ती डोळ्यांना लावतात आणि मग पानांच्या समुद्रात पक्षी शोधत बसतात.

चिमणी, कावळा, कबुतर एवढेच येतात असं तुम्ही कमीपणाने लिहिलंत. अहो, हीच तर फूटपट्टी आहे. कुठलाही अनोळखी पक्षी दिसला की पहिला प्रश्न हा: चिमणीपेक्षा लहान की मोठा? कबुतराएवढा? मग तो करतोय काय ते बघा. खोडावर सरळ चढतोय, फांदीवरून झेप घेऊन माशी पकडून पुन्हा त्याच फांदीवर येतोय, की शेपटी वरखाली हलवत चिखलातून चालतोय? रंग शेवटी. पहाटेच्या उजेडात रंग फसवतो, वागणं सहसा फसवत नाही. म्होरक्याने नाव सांगण्याआधी या तीन गोष्टी मनात म्हणून बघा. मी माझ्या फेरीत पहिली पाच मिनिटं नाव सांगतच नाही. काही लोक वैतागतात, मला चालतं.

कानाचं महत्त्व पटवायला मी नेहमी गिल्बर्ट व्हाइटचं उदाहरण देते. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचा हा पाद्री. लोक ज्याला एकच हिरवट वटवट्या समजत होते त्या तीन वेगळ्या जाती आहेत हे त्याने १७६८ साली पत्रातून मांडलं, आणि त्याला त्यांचा पत्ता लागला तो गाण्यावरून. दुर्बीण न वापरता. आज हातात मर्लिन ॲप असतं, २०२१ पासून ते आवाज ऐकून नाव सुचवतं, आणि शिकायला ते चांगलं आहे. फक्त त्याने सुचवलेलं नाव हा निकाल धरू नका. नकला करणारे पक्षी त्याला फसवतात, गोंगाटात ते अंदाज बांधतं. ॲपने नाव दिलं की तो आवाज करणारा पक्षी स्वतः शोधून बघा. तो दिसला की मगच यादीत.

ॲप आवाज ऐकण्यासाठी आहे, वाजवण्यासाठी नाही. विणीच्या हंगामात नराला त्याच्याच जातीचं गाणं ऐकवलं की त्याला वाटतं हद्दीत कुणी घुसलंय. खाणं, मादी, घरटं सोडून तो भांडायला येतो. हे मी पुस्तकी सांगत नाही. सुरुवातीच्या काळात लोकांना जवळून दिसावं म्हणून मीही छोटा स्पीकर बाळगायची. एकदा एक माशीमार दहा मिनिटं त्या स्पीकरवर झेपा घेत राहिला, पंख थरथरत होते, चोच उघडी. लोक फोटो काढत होते, खूश होते. मी स्पीकर पिशवीत टाकला तो परत काढला नाही. तुमच्या मंडळाचा म्होरक्या प्लेबॅक वापरत असेल तर फेरी संपल्यावर, चारचौघांत नव्हे, त्याला का म्हणून विचारा. उत्तरावरून मंडळ कसं आहे ते कळेल.

असंच घरट्यांचं. चोचीत अळी किंवा काडी धरलेला पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नुसता अस्वस्थ फिरतोय, ओरडतोय, पण कुठे जात नाही असं दिसलं, तर समजा की तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. घरटं जवळच आहे. शोधायला जाऊ नका. सगळ्यांना हळूच मागे घ्या, पंधरा-वीस पावलं. तो आत शिरला की तुम्ही बरोबर केलंत. घरट्याची जागा फोटोसह सगळ्यांना पाठवायची तर अजिबात नाही.

आता पक्षिगणना. ही मात्र करा, पण दोन फेऱ्या झाल्यावर. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, आणि मेमधल्याच एका शनिवारी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळाचा ग्लोबल बिग डे, म्हणजे जगभरची एका दिवसाची गणना, २०१५ पासून. मंडळाची गणना यांतल्याच कशाला तरी जोडलेली असण्याची शक्यता आहे. नवख्याने गणनेत काय करायचं हा प्रश्न पडतो. लिहायचं. चांगला लेखनिक मिळणं चांगला निरीक्षक मिळण्याइतकंच अवघड आहे. म्होरक्या "साळुंक्या सहा, नाही आठ, त्या तारेवर अजून दोन" असं बडबडत असतो आणि कुणीतरी ते शांतपणे कागदावर उतरवावं लागतं. लिहिता लिहिता तुम्ही सगळ्यात जास्त शिकाल.

कावळे, चिमण्या कशाला मोजायच्या, असंही लोक विचारतात. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १९०० च्या नाताळात शिकारीच्या स्पर्धेऐवजी मोजणी सुचवली तेव्हा २७ माणसं २५ ठिकाणी गेली होती. ती गणना अजून चालू आहे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला की उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले. हा हिशोब मुख्यतः स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलेल्या अशा मोजण्यांवर उभा आहे, आणि त्यात मोठा वाटा दुर्मीळ जातींचा नव्हता, अगदी रोजच्या पाहण्यातल्या पक्ष्यांचा होता. ते कमी होताहेत हे कळलं, कारण कुणीतरी ते भरपूर असतानाही मोजले होते.

तारखांचंही तसंच. नेदरलँड्समध्ये काळा-पांढरा माशीमार आफ्रिकेतून साधारण जुन्याच वेळेला येत राहिला, पण तिथला वसंत लवकर तापू लागल्याने पिल्लांना भरवायच्या अळ्यांचा भर आधीच ओसरू लागला. जिथे हा भर सर्वांत लवकर सरतो अशा जंगलांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिला कधी दिसला, शेवटचा कधी दिसला, एवढं जरी तुम्ही तळ्याकाठी दर वर्षी लिहून ठेवलंत तरी ते कामाचं आहे. म्हणूनच मी एकाच वाटेच्या मागे लागते.

मुलीबद्दल. मुलांचा कार्यक्रम कसा आहे ते आधी विचारून घ्या. बंद खोलीत चित्रफीत आणि रंगवायला कागद असेल तर पाठवू नका, तिला तुमच्याबरोबर फेरीलाच आणा. ८ वर्षांच्या मुलाचा उत्साह पाऊण तास टिकतो, मग ते दगड उचलून खाली काय आहे बघतं, आणि ते योग्यच आहे. तिला एकच काम द्या: एक पक्षी निवड आणि तो किती वेळा दिसला त्याच्या रेघा ओढ. गेल्या वर्षी अशाच एका मुलाने बुलबुलाच्या रेघा ओढता ओढता एक कोकीळ मादी दुसऱ्याच्या घरट्याभोवती घुटमळताना पाहिली, जी आम्हा १२ मोठ्यांपैकी कुणालाच दिसली नव्हती. मुलांची उंची झुडपांच्या खालच्या फांद्यांशी जुळते. ती कंटाळली की निघा. फेरी अर्धी सोडून जायला लाजू नका, फक्त म्होरक्याला सांगून जा, नाहीतर तो शेवटी डोकी मोजताना घाबरा होतो.

रातव्यांची संध्याकाळ जमली तर करा. दिसेल फार थोडं, ऐकू येईल भरपूर. मंद टॉर्च आणा, शक्यतो लाल कागद लावून, आणि ती पक्ष्यावर रोखू नका.

दिवसभराच्या सहलीबद्दल मी फार कठोर बोलले असेन. तिथे उथळ पाण्यातले किनारपक्षी असतात, आणि वसंतात, निघण्याच्या तोंडावर, त्यांच्यातले काही विटेसारखे लाल झालेले आणि चरबीने गोल गरगरीत असतात. प्रवासाआधी काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. गॉडविट नावाच्या त्यांच्याच एका भाऊबंदाने २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता पार केले, पाठीवरच्या ट्रान्समीटरने ते टिपलं. हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण ते पक्षी ३०० मीटरवर असतात, स्पॉटिंग स्कोपपुढे, म्हणजे तिवईवरच्या एकनळी दुर्बिणीपुढे, २० माणसांची रांग असते, आणि सगळे करडे पक्षी नवख्याला एकसारखे दिसतात. पुढच्या वर्षी जा. तोवर तुम्हाला रांगेत उभं राहून काय बघायचंय ते माहीत असेल.

मंडळात सगळे जाणकार असतील, आपण अडाणी ठरू, ही भीती तुमच्या प्रश्नात मला दिसली. अशा फेऱ्या मुळात नवख्यांसाठीच सुरू झाल्या. १८८६ च्या वसंतात अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात शिकणाऱ्या फ्लॉरेन्स मेरियमने मैत्रिणींना सकाळी पक्षी दाखवायला नेलं, कारण त्याच मुली टोप्यांवर मेलेल्या पक्ष्यांची पिसं मिरवत होत्या. जिवंत पक्षी एकदा नीट बघितला की टोपीवरचा घालवत नाही, असा तिचा हिशोब होता. "हा कोणता?" हा प्रश्न विचारायला कुणी नसेल तर माझ्यासारखीला सकाळी उठायचं कारण उरत नाही. विचारा. फक्त "तो बघा तिकडे!" म्हणून हात फेकू नका. झाडाला घड्याळ समजा आणि "वाळक्या फांदीवर, दोनच्या काट्यावर" असं सांगा. मातकट किंवा हिरवट कपडे, पाणी, गरज वाटलीच तर टोपी. पांढरा शर्ट नको.

कुत्रा नाही. कितीही शहाणा असला, पट्ट्यात असला तरी नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तुमचा कुत्रा शहाणा आहे हे सांगायची सोय नाही.